डोळ्यांची नेहमीची तपासणी: रुग्ण आणि नातेवाईक हमखास विचारतात ते प्रश्न

नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्यांचा दाब मोजणं आणि बाहुली मोठी करणारे थेंब टाकून लोकांना बाकावर बसवणं हे माझं काम. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. थेंबांचा परिणाम होईपर्यंतच्या अर्ध्या तासात लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे त्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. माझं मुख्य सांगणं एकच आहे: चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असं समजू नका. डोळ्याच्या आतला पडदा आणि डोळ्याचा दाब बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

मला सगळं नीट दिसतंय, काही त्रासही नाही. मग तपासणी कशाला?

डोळ्यांचे काही आजार नीट दिसत असतानाच वाढतात. काचबिंदूचंच घ्या. त्यात आधी कडेची नजर जाते. समोरचं स्पष्ट दिसत असतं, वर्तमानपत्र वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो, त्यामुळे संशयच येत नाही. एका डोळ्याची कमी दुसरा डोळा भरून काढतो. जेव्हा लक्षात येतं, तेव्हा डोळ्याच्या नसेचं बरंच नुकसान झालेलं असतं, आणि काचबिंदूत गेलेली नजर कोणत्याही औषधाने किंवा ऑपरेशनने परत येत नाही. उरलेली टिकवता येते, आणि तीही आजार वेळेवर सापडला तर. मधुमेहामुळे पडद्यावर होणारे बदलही असेच, बराच काळ न दुखता, न खुपता चालू असतात.

माझ्या खोलीत एक प्रसंग वारंवार घडतो. उजवा डोळा झाकला की समोरचे काका थोडं थांबतात आणि म्हणतात, "अहो, दोन्ही डोळे झाकलेत की काय तुम्ही?" डावा डोळा उघडाच असतो. त्याने दिसत नाही हे त्यांना त्या खुर्चीवर बसेपर्यंत माहीत नसतं. म्हणून घरी महिन्यातून एकदा, एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघा. यात एक मिनिटही जात नाही.

चष्म्याच्या दुकानात मशीनवर फुकट नंबर काढून देतात. तेवढं पुरत नाही का?

चष्म्यापुरतं पुरेल. अनेक दुकानांत शिकलेले, चांगले ऑप्टोमेट्रिस्ट असतात आणि ते नंबर व्यवस्थित काढतात. पण मशीनमधून निघालेली चिठ्ठी म्हणजे अंतिम नंबर नव्हे, तो अंदाज असतो. समोर काचा लावून, माणसाला विचारून तो पक्का करावा लागतो. चिठ्ठी बघून थेट चष्मा बनवत असतील तर नको म्हणा.

आणि दुकानात थेंब टाकून पडदा बघत नाहीत. नंबर बदलत असेल तर तो का बदलतोय, याचं उत्तर तिथे मिळत नाही. मोतीबिंदू पिकायला लागला की जवळचा चष्मा काही दिवस लागेनासा होतो आणि आजोबा खूश होतात, "या वयात चष्मा सुटला!" रक्तातली साखर खूप वाढली तरी नंबर उणेकडे सरकतो, आणि साखर ताब्यात आली की परत बदलतो. म्हणून मधुमेहाचं निदान नुकतंच झालं असेल तर चष्मा बनवायची घाई करू नका. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, नाहीतर महिन्याभरात तोच चष्मा टेबलाच्या खणात जाईल.

किती वर्षांनी तपासायचे डोळे?

चाळिशीपर्यंत काही आजार नसेल आणि चष्मा नसेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा. चाळिशीनंतर एक-दोन वर्षांनी, साठीनंतर दरवर्षी. पण काही जणांना हा हिशेब लागू नाही.

मधुमेह असेल तर दरवर्षी पडदा तपासायचाच. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात पहिली तपासणी निदान झाल्याबरोबर करायची, कारण आजार कळण्याआधी काही वर्षं तो शरीरात असू शकतो. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवावा. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट बघू नका. संधिवातासाठी किंवा ल्युपससाठी (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी कायम चालू असेल तर सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडद्याची तपासणी लागते. मोठा उणे नंबर असणाऱ्यांनीही दरवर्षी थेंब टाकून पडदा बघून घ्यावा, कारण त्यांचा पडदा कडेला पातळ असतो आणि त्याला छिद्र पडण्याची शक्यता जास्त असते.

येताना बरोबर काय आणू?

आत्ताचा चष्मा, आणि जवळचा वेगळा असेल तर तोही. जुने केसपेपर. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, किंवा सरळ गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून आणा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर ती आठवणीने सांगा. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना सर्जनला ते आधी माहीत असणं फार गरजेचं असतं. दमा असेल तर तेही सांगा, कारण काचबिंदूचे काही थेंब दमेकऱ्यांना चालत नाहीत. काळा गॉगल किंवा छत्री आणा. सोबत कुणीतरी असू द्या.

काजळ, सुरमा, मस्कारा त्या दिवशी नको. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स निदान आदल्या दिवसापासून काढून ठेवा आणि चष्म्यावर या. कडक लेन्स असतील तर किती दिवस आधी काढायच्या ते फोन करून विचारा. लेन्समुळे बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नंबर चुकतो. उपाशी यायची गरज नाही. रोजच्या गोळ्या वेळेवर घेऊन या.

आत गेल्यावर नेमकं काय काय करतात?

आधी विचारपूस. मग एकेक डोळा झाकून लांबचं वाचायला लावतात. अक्षरं कमी दिसली तर बारीक भोकांची एक काळी पट्टी डोळ्यासमोर धरतात. त्या भोकातून एकदम स्पष्ट दिसलं तर दोष बहुतेक नंबरचा असतो. त्यातूनही दिसलं नाही तर कारण आणखी आत, म्हणजे भिंगात, पडद्यात किंवा नसेत शोधावं लागतं. एवढीशी ती प्लॅस्टिकची पट्टी, पण माझ्या टेबलावरची सर्वांत कामाची वस्तू तीच.

मग हनुवटी टेकवून मशीनमध्ये बघायचं. आत रस्त्याच्या टोकाला एखादं घर किंवा आकाशातला फुगा दिसतो, तो मुद्दाम धूसर होतो आणि परत स्पष्ट होतो. लोक घाबरतात, "आता दिसेनासं झालं!" डोळ्याने जोर न लावता सैल राहावं म्हणून मशीन ते चित्र धूसर करतं. त्यानंतर गोल काचांची चौकट नाकावर ठेवून नंबर पक्का करतात.

पुढे डॉक्टर स्लिट लॅम्पवर बघतात. प्रकाशाची उभी बारीक रेघ डोळ्यावर टाकून पापण्या, बुबुळ, भिंग असं सगळं मोठं करून दिसतं. मोतीबिंदू भिंगाच्या कोणत्या थरात आहे, बुबुळावर जुना डाग आहे का, डोळ्यात कोरडेपणा आहे का, हे इथे कळतं. मग दाब, मग थेंब, आणि शेवटी पडदा. यातलं काहीच दुखत नाही. थेंब थोडे चुरचुरतात, आणि पडदा बघतानाचा उजेड काही क्षण नकोसा होतो. सगळं मिळून दीड-दोन तास धरून या. त्यातला बराच वेळ थेंबांचा परिणाम होण्यात जातो.

"ही काच बरी की ही?" मला फरकच कळत नाही. चुकीचं सांगितलं तर चुकीचा चष्मा बसेल का?

नाही. ही परीक्षा नाही आणि तुम्ही नापास होत नाही. दोन्ही काचा सारख्या वाटत असतील तर "सारखंच दिसतंय" हेच बरोबर उत्तर आहे. नंबर जुळत आला की फरक कमी होत जातो, तेव्हा तुमचं "कळत नाही" हे आम्हाला जवळ पोहोचल्याची खूण वाटते. शंका असली की आम्ही तोच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारतो. अंधारात रेटिनोस्कोपची प्रकाशाची पट्टी बाहुलीवरून फिरवली की आतली लालसर चमक कोणत्या दिशेने हलते त्यावरून, तुम्ही एक शब्द न बोलताही, नंबर काढता येतो. लहान मुलांचा तर असाच काढतात.

दोन गोष्टी मात्र करू नका. डोळे बारीक करून वाचू नका, त्याने नंबर कमी निघतो. आणि आधीच्या माणसाचं ऐकून पाठ झालेली अक्षरं म्हणू नका.

आमच्या आजीला वाचता येत नाही. तिची तपासणी कशी होणार?

अगदी नीट होते. इंग्रजी ई या अक्षराच्या आकाराची, चारही दिशांना तोंड केलेली चिन्हं असलेला तक्ता असतो. फाटे कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं, एवढंच. देवनागरी अक्षरांचे आणि आकड्यांचे तक्तेही असतात. पहिल्या एक-दोन ओळींना आजी लाजतात, हात पदराखाली राहतो. तिसऱ्या ओळीला हात पुढे येतो. मग बरोबर आलेल्या लेकीला त्याच सांगतात, "तू गप बस, मला दिसतंय." नातेवाइकांना माझी कळकळीची विनंती आहे, त्यांना उत्तरं सुचवू नका.

६/६ म्हणजे काय? आणि ६/६० लिहिलंय म्हणजे नजर गेली का?

वरचा आकडा म्हणजे तुम्ही तक्त्यापासून किती मीटरवर बसलात. खालचा म्हणजे तीच ओळ निरोगी डोळ्याला किती मीटरवरून वाचता येते. ६/६० म्हणजे साधारण डोळा जे साठ मीटरवरून ओळखेल, ते तुम्हाला सहा मीटरवरून ओळखता आलं. ही पद्धत डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ साली बसवली आणि आजही तीच चालते. सहा मीटरच्या तक्त्यावरचं सर्वांत वरचं अक्षर साधारण ८७ मिलिमीटर उंच असतं, ६/६ च्या ओळीतलं नऊ मिलिमीटरपेक्षाही थोडं लहान. खोली लहान असेल तर तक्ता आरशात दाखवतात.

चष्म्याशिवाय ६/६० असलेल्या अनेकांना चष्मा लावून ६/६ दिसतं. त्यामुळे कागदावरचा आकडा चष्म्यासह आहे की चष्म्याशिवाय, हे आधी बघा. उलट बाजूही ध्यानात ठेवा: ६/६ दिसतं म्हणून काचबिंदू नाही, असं होत नाही.

डोळ्यावर हवा मारतात ती कशासाठी?

डोळ्याच्या आतला दाब मोजायला. हवेच्या झोताने बुबुळ क्षणभर किती दबतं त्यावरून मशीन दाब सांगतं. दचकायला होतं, इजा होत नाही. दुसरी पद्धत जास्त भरवशाची: बधिर करणारा थेंब टाकून, पिवळा रंग लावून, निळ्या उजेडात एक छोटं टोक बुबुळाला हलकेच टेकवतात. नंतर रुमालाला पिवळा डाग लागला तर घाबरू नका, तो रंग आहे.

साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा दाब नेहमीचा धरतात. पण नुसत्या आकड्यावर काचबिंदू ठरत नाही. बुबुळ जाड असेल तर दाब खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, पातळ असेल तर कमी. काहींना दाब नेहमीइतका असूनही काचबिंदू होतो. म्हणून डॉक्टर नस बघतात, आणि संशय आला तर बुबुळाची जाडी, कडेच्या नजरेची तपासणी आणि ओसीटी, म्हणजे पडद्याचे आणि नसेचे थर दाखवणारं स्कॅन, करायला सांगतात. रक्तदाबाचा आणि डोळ्याच्या दाबाचा मेळ घालू नका. एक ताब्यात आहे म्हणून दुसरा ताब्यात असतोच असं नाही.

थेंब टाकायलाच हवेत का? दिवस वाया जातो.

बिनथेंबाच्या बाहुलीतून पडदा बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून खोली बघण्यासारखं आहे. मधला भाग दिसतो, कडा राहून जातात, आणि पडद्याला छिद्रं पडतात ती बहुतेक कडेलाच. थेंबांनी बाहुली मोठी झाली की डॉक्टर डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून पूर्ण पडदा बघतात. शरीरात रक्तवाहिन्या चिरफाड न करता उघड्या बघता येतात त्या इथेच. १८५१ मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत बघायचं उपकरण जगासमोर आणलं. तेव्हापासून जिवंत माणसाचा पडदा पाहणं हे डॉक्टरांचं रोजचं काम होऊन बसलं. मधुमेह आणि रक्तदाब शरीरावर काय परिणाम करताहेत, याचा पुरावा त्या पडद्यावर दिसतो.

बाहुली मोठी व्हायला वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो. काळेभोर डोळे असले की थोडा जास्तच, म्हणून थेंब दोन-तीनदा टाकतात. पुढचे चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो. त्या दिवशी दुचाकी चालवू नका, चारचाकीही नको. बँकेतली सही, मोबाइलवरचे पैशांचे व्यवहार, यंत्रावरचं काम दुसऱ्या दिवशी करा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाला थेंबांसाठी आणू नका.

रक्तदाब जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर थेंब टाकण्याआधी सांगा. त्यांतलं फिनाइलएफ्रिन हे रक्तदाब वाढवू शकणारं औषध टाळून दुसरे थेंब वापरता येतात. काहींच्या डोळ्यातला निचऱ्याचा कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर जाण्याची वाट, अरुंद असतो. तो आधी बघून मगच थेंब टाकतात. तरीही घरी गेल्यावर डोळा जोरात दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट न बघता लगेच परत या.

मुलांची तपासणी कधी सुरू करायची? आणि तीन दिवस मलम कशाला?

नजरेची तक्रार नसली तरी शाळेत घालण्याआधी, तीन-चार वर्षांचं मूल असताना एकदा. डोळा तिरळा वाटला, बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. "मोठं झाल्यावर सुटेल" म्हणून तिरळेपणा सोडून देऊ नका. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. ही तारीख चुकली तर बाळाची दृष्टी कायमची जाऊ शकते. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर तिथल्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः आठवण करा.

एका डोळ्याचा नंबर फार जास्त असेल तर मेंदू तो डोळा वापरणंच सोडतो, त्याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. चष्मा देऊन, चांगला डोळा रोज ठरावीक वेळ पट्टीने झाकून तो सुधारतो, पण सात-आठ वर्षांच्या आत सुरू केलं तरच चांगला फरक पडतो. पुढे कठीण होत जातं.

मुलांचे डोळे फार जोर लावतात, त्यामुळे मशीनवर नंबर चुकीचा येतो. तो जोर सैल करायला लहान मुलांना ॲट्रोपीनचं मलम घरी लावायला देतात, बहुतेक वेळा दिवसातून दोनदा, तीन दिवस. तांदळाच्या दाण्याएवढंच लावा, डोळ्याचा नाकाकडचा कोपरा हलकेच दाबून धरा, हात धुवा, नळी मुलाच्या हाताला लागू देऊ नका. चेहरा लाल झाला, अंग तापलं तर थांबवा आणि फोन करा. बाहुली दहा-पंधरा दिवस मोठी राहते. ती पूर्ववत झाली की नंबर पुन्हा तपासून मग चष्मा देतात. ही दुसरी फेरी पुष्कळ पालक टाळतात. कृपा करून टाळू नका.

चष्मा कायम लावला तर नंबर वाढतो ना?

नाही. वाढत्या वयात डोळ्याची लांबी वाढते म्हणून नंबर वाढतो. चष्मा न लावता तो थांबत नाही, आणि मुलाला फळा मात्र दिसत नाही. मुलांना रोज दोन तास उघड्यावर, उजेडात खेळू द्या. उणे नंबर उशिरा लागण्यात त्याचा उपयोग होतो. नंबर झपाट्याने वाढत असेल तर कमी ताकदीच्या ॲट्रोपीनचे थेंब डॉक्टर देतात. मोबाइलचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर जास्तीचे पैसे घालू नका. डोळ्यांचा थकवा त्याने कमी होतो, असा भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा दर वीस मिनिटांनी लांब बघा आणि पापण्या मिटा.

नवा चष्मा लावला की जमीन तिरपी दिसते. नंबर चुकला का?

तिरका नंबर, म्हणजे सिलिंड्रिकल, नवा असेल किंवा बदलला असेल तर आठवडाभर असं होतं. सवयीने जातं. दोन आठवड्यांनीही डोकं दुखत असेल तर चष्मा आणि कागद दोन्ही घेऊन या. अनेकदा नंबर बरोबर असतो आणि काच बसवताना मध्य चुकलेला असतो. दोन बाहुल्यांमधलं अंतर कागदावर लिहून घ्या, आणि दुकानदाराने ते स्वतःही मोजलं का ते बघा.

डोळे लाल झाले की मेडिकलमधून थेंब आणतो, लगेच आराम पडतो. चालेल?

चालणार नाही. हे मी अगदी ठासून सांगते. लगेच आराम देणाऱ्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. डोळे खाजणाऱ्या शाळकरी मुलांमध्ये हे बघताना जीव तुटतो, कारण तो काचबिंदू टाळता आला असता. घरात असे थेंब असतील तर बाटली घेऊन या, आम्ही बघून सांगतो.

पैशांची अडचण आहे. कुठे जाऊ?

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. ते नजर तपासतात आणि गरज असेल तर पुढे पाठवतात. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातून मोफत होतं. मुंबईत जे. जे. आणि पुण्यात ससूनला पूर्ण तपासणी होते. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांना २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तपासतात. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नका. गावातलं शिबिर बहुधा मोतीबिंदू शोधण्यासाठी असतं. तिथे "काही नाही" म्हणाले तरी मधुमेह असेल तर पडदा वेगळा दाखवाच.

कोणत्या तक्रारीला अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही?

एकाएकी दिसेनासं होणं, पूर्ण किंवा अर्धं. डोळ्यासमोर विजेसारखे चमकारे येणं, अचानक पुष्कळ काळे ठिपके तरंगू लागणं, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली येणं. लाल डोळा, त्यासोबत जोराचं दुखणं आणि कमी दिसणं. एकाच्या दोन वस्तू दिसू लागणं. डोळ्याला मार लागणं. चुना, ॲसिड किंवा फवारणीचं औषध डोळ्यात गेलं तर दवाखान्याकडे पळण्याआधी तिथेच वाहत्या स्वच्छ पाण्याखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा, आणि चुन्याचे कण पापणीखाली राहिले असतील तर तसं आल्याआल्या सांगा. अशा वेळी रांगेत बसू नका. दारातूनच आम्हाला हाक मारा.